वीस यार्डांवरचं हरीण : न्यू जर्सीत धनुष्यबाणाने शिकार कशी करावी

'सावज टप्प्यात आलं' असं म्हणतात, तेव्हा त्या टप्प्याला एक ठरलेलं अंतर असतं. धनुष्याच्या बाबतीत नवख्यासाठी हे अंतर वीस यार्ड आहे, म्हणजे जेमतेम अठरा मीटर. एवढ्या जवळून हरणाच्या पापण्यांची उघडझाप दिसते आणि त्यालाही तुमच्या जॅकेटची सळसळ ऐकू येते. धनुष्य, जागा, वारा, मचाण, कायदा यांतल्या प्रत्येक गोष्टीचा विचार या वीस यार्डांपासून सुरू करावा लागतो.

न्यू जर्सी हे अमेरिकेतलं सर्वांत दाट वस्तीचं राज्य आहे आणि तिथेच पांढऱ्या शेपटीची हरणं परसबागेपर्यंत येतात. लांडगे आणि कुगर (डोंगरी सिंह) केव्हाच संपले. घरं, शेतं आणि रानाचे तुकडे एकमेकांत मिसळलेले असल्याने हरणाला खायला आणि लपायला दोन्ही मिळतं. या राज्यात रायफलने हरणाची शिकार करता येत नाही. शॉटगन (छर्‍याची बंदूक) किंवा मझललोडर (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक) चालते, पण वस्तीजवळ तीही नाही. घरांच्या कडेकडेच्या रानात कायद्याने आणि व्यवहाराने उरतं ते धनुष्यच. इथल्या एडिसन शहराच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला घरापासून तासाभराच्या आत कायदेशीर शिकारीची जागा मिळू शकते, ती यामुळेच.

आधीच सांगितलेलं बरं : हे सगळं तिथपुरतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार हा गुन्हा आहे. हत्यार बंदूक असो वा धनुष्य, फरक पडत नाही. सुट्टीत गावी गेल्यावर हे कौशल्य दाखवायचा मोह धरू नये.

आधी कागद, मग धनुष्य

शिकारीचे नियम ठरतात 'फिश अँड गेम कौन्सिल'मध्ये आणि अंमलबजावणी करते 'न्यू जर्सी फिश अँड वाइल्डलाइफ'. दरवर्षी 'हंटिंग अँड ट्रॅपिंग डायजेस्ट' निघतं, छापील आणि ऑनलाइन. त्यातले सीझन, तारखा आणि मर्यादा वर्षागणिक बदलतात. मित्राने गेल्या वर्षी सांगितलेली तारीख या वर्षी चुकीची असू शकते आणि 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर कॉन्झर्व्हेशन ऑफिसरपुढे चालत नाही.

क्रम असा धरा. पहिलं, बो-हंटर एज्युकेशनचा कोर्स. आधी अभ्यास, मग प्रत्यक्ष मैदानावरचं सत्र, त्यात बाण मारूनही दाखवावा लागतो. शॉटगनचा कोर्स झाला असला तरी धनुष्याचा वेगळा करावा लागतो. सत्रांच्या जागा लवकर भरतात, म्हणून सप्टेंबरात रानात जायचं असेल तर वसंतातच नाव नोंदवा. दुसरं, बो अँड अॅरो लायसन्स. रहिवाशाचा दर मिळायला राज्यात सलग सहा महिने वास्तव्य लागतं. तिसरं, आणि इथेच बहुतेक जण घसरतात, तुमच्या जागेचा झोन नंबर शोधा.

राज्य नंबर दिलेल्या डिअर मॅनेजमेंट झोनमध्ये वाटलेलं आहे. झोनच्या हद्दी बहुधा रस्त्यांवरून जातात, त्यामुळे रस्ता ओलांडला की नियम बदलू शकतात. काही झोनमध्ये फॉल बो सीझन, म्हणजे धनुष्याचा शरदातला हंगाम, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडतो, इतर ठिकाणी महिनाअखेर किंवा ऑक्टोबर लागता लागता. काही झोनमध्ये बिनशिंगी हरणांवर संख्येची मर्यादाच नाही, काहींत अगदी मोजकी परवानगी आहे. काही ठिकाणी 'अर्न-अ-बक'चा नियम लागतो : आधी एक बिनशिंगी हरीण मारून नोंदवा, मगच शिंगवाला नर. काही झोनमध्ये नराच्या एका बाजूच्या शिंगाला किमान तीन टोकं हवीत. परमिट बो सीझन या धनुष्याच्या वेगळ्या हंगामासाठी लायसन्सशिवाय त्या झोनचं स्वतंत्र परमिट लागतं.

'शिंगवाला' म्हणजे काय, हेही कायद्याने ठरवलेलं आहे. किमान एक शिंग तीन इंच किंवा जास्त असेल तर नर शिंगवाला धरतात. तीन इंचांहून कमी असेल तर तो बिनशिंगींत मोजला जातो. शरदातल्या सांजप्रकाशात कपाळावर नुसती गाठ असलेलं पिल्लू-नर मादीसारखंच दिसतं. मादीचं डोकं लांबट असतं आणि कपाळ कानांमध्ये गोलसर दिसतं. पिल्लाचं डोकं आखूड आणि माथा सपाट असतो. दुर्बिणीतून हे पाहायला पाच सेकंद पुरतात आणि ते घेतलेच पाहिजेत.

अंतराचा नियम पाठच करा. धनुष्यासाठी कोणत्याही इमारतीपासून १५० फूट आणि शाळेच्या मैदानापासून ४५० फूट हा सेफ्टी झोन आहे. बंदुकीला इमारतीपासूनही ४५० फूट लागतात. धनुष्यासाठी हे अंतर २०१० साली कमी झालं, पण एका अटीवर : इमारतीपासून १५० ते ४५० फुटांच्या पट्ट्यात बसायचं तर उंचावर बसायचं आणि बाण खाली जमिनीकडेच सोडायचा. १५० फुटांच्या आत बसायचं असेल तर घरमालकाची लेखी परवानगी खिशात हवी. वर्तुळात तीन घरं येत असतील तर तिन्ही मालकांची हवी. हे अंतर डोळ्यांनी मोजू नका. झाडाच्या बुंध्याशी उभं राहून रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या दुर्बिणीने) प्रत्येक घराचा कोपरा मोजा : ५० यार्ड म्हणजे १५० फूट.

शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. रविवारी फक्त धनुष्य चालतं, तेही खासगी जमिनीवर आणि राज्याच्या वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरियात. धनुष्याची ओढ, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, किमान ३५ पाउंड हवी, क्रॉसबोची (बंदुकीसारख्या दस्त्यावर आडव्या बसवलेल्या धनुष्याची) ७५. बाणाचं पातं धातूचं, धारदार आणि किमान पाऊण इंच रुंद.

खासगी जमिनीवर परवानगी घ्याच. शेतजमिनीवर पाटी नसली तरी परवानगी लागते. शेतकऱ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये जा, सोयाबीन खाल्लं जात असतं तेव्हा. कागद तयार ठेवा : नाव, गाडीचा नंबर, कोणत्या दिवशी येणार, कुठे बसणार. आणि एक गोष्ट विचारल्याशिवाय परत फिरू नका : 'जखमी हरीण शेजारच्या हद्दीत गेलं तर ती जमीन कोणाची?' त्या शेजाऱ्याकडेही त्याच दिवशी जाऊन या. पुढे रात्री आठ वाजता दार ठोठावण्यापेक्षा हे फार सोपं.

अंगाला बसणारं धनुष्य

नवख्याने कंपाउंड धनुष्य घ्यावं. त्याच्या चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर वजन ७५ ते ८५ टक्क्यांनी उतरतं, म्हणजे ५० पाउंडांचं धनुष्य हातात दहा पाउंडांचं वाटतं आणि हरीण दोन पावलं पुढे येईपर्यंत थांबता येतं. आधी आपला वर्चस्व असलेला डोळा तपासा. दोन्ही हातांच्या पंजांत छोटी फट करून दूरची वस्तू पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू फटीतच दिसते तो डोळा खरा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर डाव्या हाताचं धनुष्य शिकणं दीर्घकाळ फायद्याचं ठरतं.

ओढीची लांबी काढायला दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजा आणि अडीचने भागा. ६६ इंच असेल तर साधारण साडेसव्वीस इंच. दुकानदार शेल्फवरचं २९ इंची धनुष्य देऊ लागला तर घेऊ नका. लांबी जास्त झाली की हाताची आतली बाजू दोरीच्या वाटेत येते, कोपरावर निळा डाग उमटतो आणि बाण दर वेळी वेगळीकडे जातो.

ओढीचं वजन ठरवायची कसोटी खुर्चीत बसून होते. धनुष्य समोर धरा आणि आकाशाकडे न उचलता सरळ मागे ओढा. जमलं नाही तर वजन उतरवा. थंडीत दोन तास बसल्यावर स्नायू आखडलेले असतात आणि तिथे हात उंचावून झटका दिला की हरणाला तेवढं पुरतं. ४५ ते ५० पाउंड, धारदार पातं आणि वीस यार्ड हे हरणाच्या दोन्ही बरगड्या पार करायला पुरेसं आहे. ७० पाउंडांचा हट्ट खांद्याला भोवतो.

बाणाच्या कांडीवर ४००, ५०० असे आकडे असतात. आकडा लहान तेवढी कांडी ताठ. ५० पाउंड आणि २७ इंचांच्या आसपास ५०० चालते, ६० पाउंड आणि २८ इंचांना ४००. पात्यासकट बाणाचं वजन ४०० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) आसपास ठेवा. फार हलका बाण धनुष्याला त्रास देतो, आवाजही वाढवतो. पातं १०० किंवा १२५ ग्रेनचं. कमी ओढीच्या धनुष्याला स्थिर पात्याचं टोक बरं, कारण लागल्यावर उघडणारं पातं उघडण्यातच थोडी ताकद खातं.

दोन गोष्टी कधीही करू नका. बाण न लावता दोरी ओढून सोडू नका. बाणात जायची ती सगळी ताकद धनुष्याच्या भुजांत जाते आणि त्या तडकतात, कधी तेव्हाच तर कधी पुढच्या आठवड्यात. दुसरं, कार्बनचा बाण तपासल्याशिवाय पुन्हा लावू नका. दोन्ही टोकं धरून कानाशी हलकेच वाकवा आणि गोल फिरवा. किंचित 'करकर' आली तरी तो मोडून फेका. चिरलेला बाण सुटताना फुटतो आणि त्याच्या काड्या डाव्या हाताच्या मनगटात घुसतात.

सरावाच्या टोकाने वीस यार्डांवर मुठीएवढा गट जमतो, म्हणून पातंही तिथेच जाईल असं नाही. पात्याला वारा लागतो आणि धनुष्याच्या जुळणीतली छोटी चूक मोठी होऊन दिसते. कागदाच्या चौकटीतून सहा फुटांवरून बाण मारून पाहा. पिसांची फाड टोकाच्या वर आली तर बाण अडकवायचा दोरीवरचा बिंदू थोडा खाली घ्या. आडवी फाड आली तर धनुष्य जाणकाराकडे न्या. सीझनआधी पातं लावून सराव कराच, पण सरावाचं पातं वेगळं ठेवा. भात्यातलं पातं कागदाची पट्टी न अडखळता कापेल इतकं धारदार हवं.

टप्पा ठरवताना दिवसाचा पहिला बाण मोजा, हात गरम झाल्यावरचा दहावा नाही. जॅकेट घालून, खुर्चीत बसून, एकच बाण. असा सलग दहा दिवस पहिला बाण सहा इंचांच्या ताटलीत गेला, ते अंतर तुमचं. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचं क्षेत्र साधारण आठ इंचांचं असतं. ताटली त्याहून लहान धरायची, कारण रानात छातीत धडधडत असतं.

जागा आणि वारा

ऑगस्ट-सप्टेंबरात पायवाटा शोधा. हरणांची वाट बैलगाडीच्या चाकोरीसारखी बारीक आणि ठळक दिसते. लेंड्या चकचकीत आणि ओल्या असतील तर ताज्या. झाडाची साल गुडघ्याच्या उंचीवर सोललेली दिसली तर तिथे नराने शिंगं घासली आहेत. सप्टेंबरअखेर व्हाइट ओकची फळं गळू लागतात. ती एकाच मोसमात पिकतात आणि रेड ओकपेक्षा कमी तुरट असल्याने हरणं आधी तीच खातात. एखादं व्हाइट ओक भरभरून गळत असेल तर त्यापुढे मक्याचं शेतही ओस पडतं. व्हाइट ओकच्या पानांच्या पाकळ्या गोल, रेड ओकच्या टोकदार.

मिलनाचा भर नोव्हेंबरच्या मध्यात असतो. त्या दिवसांत नर भरदुपारीही फिरतात. त्याआधी आणि नंतर सकाळ-संध्याकाळचे दोन तास महत्त्वाचे.

हरीण डोळ्यांना फसेल, कानांना एकदा माफ करेल, नाकाला नाही. वारा हरणांच्या वाटेकडून तुमच्याकडे यायला हवा. त्याशिवाय उतारावरची हवा रोज दोनदा दिशा बदलते : पहाटे आणि संध्याकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की गरम हवा वर जाते. म्हणून पहाटे दरीकडच्या हरणांच्या वर बसलात की तुमचा वास त्यांच्याकडेच उतरतो. सूर्य वर आल्यावर तीच जागा उत्तम ठरते. बारीक पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने चिमूटभर सोडून पाहा. वारा फिरला तर उतरा आणि घरी जा. एकदा वास लागलेली मादी ती जागा आठवडेच्या आठवडे टाळते आणि सोबतची पिल्लंही तिच्याबरोबर शिकतात.

बसायचं वाटेवर नाही, वाटेपासून पंधरा ते वीस यार्ड बाजूला. उजव्या हाताच्या शिकाऱ्याने वाट डाव्या बाजूला येईल असं बसावं, कारण बसल्या बसल्या अंग डावीकडे सहज वळतं. पाठीशी जाड बुंधा किंवा फांद्यांची गर्दी हवी, नाहीतर उघड्या आकाशावर तुमची आकृती उठून दिसते. न्यू जर्सीत हरणांसाठी आमिष टाकायला परवानगी आहे, शेजारच्या पेनसिल्वेनियात सर्वसाधारणपणे नाही. नदी ओलांडून जाणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवा.

मचाण

धनुष्याच्या शिकारीत माणसाला सर्वांत मोठा धोका मचाणावरून पडण्याचा आहे, पात्याचाही नाही आणि हरणाचाही नाही. उंची पंधरा ते वीस फूट पुरते. त्याहून वर गेलं की बाण फार तिरपा उतरतो आणि दोन्ही फुप्फुसांतून जाण्याऐवजी एकाच फुप्फुसात राहतो.

झाड जिवंत, सरळ आणि मांडीपेक्षा जाड हवं. अॅशच्या झाडावर मचाण बांधू नका. एमराल्ड अॅश बोरर हा किडा २०१४ मध्ये न्यू जर्सीत आढळला आणि त्यानंतर राज्यातले अॅश वाळत गेले. वरून हिरवट दिसणारं झाडही आतून ठिसूळ असू शकतं. शॅगबार्क हिकरीची साल पट्ट्या-पट्ट्यांनी सुटते, त्यावर पट्टा घसरतो.

पूर्ण अंगाचा हार्नेस जमीन सोडण्याआधी चढवा आणि बुंध्यावरून खाली सोडलेल्या लाइफलाइनला (सुरक्षेच्या दोराला) प्रुसिक गाठीने जोडा; ही गाठ हाताने सरकते, पण भार आला की आवळते. चढताना-उतरताना गाठ हातासरशी सरकवत न्या. बहुतेक पडणं शिडीवरून मचाणावर पाय टाकताना होतं आणि नेमकं तिथेच लोक दोर सोडलेला ठेवतात. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, एवढं कायम टेकलेलं हवं. धनुष्य हातात घेऊन चढू नका. पाती भात्यात झाकून ठेवा आणि वर बसल्यावर दोरीने सामान ओढून घ्या. दोरी चढण्याच्या वाटेपासून बाजूला सोडा, म्हणजे पाय निसटलाच तर खाली पाती नसतील.

हार्नेसमध्ये लटकून राहणंही घातक असतं, कारण मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात. हार्नेससोबत आलेली पाय टेकायची दोरी खिशात नको, हाताशी हवी. फोन छातीच्या खिशात ठेवा. कुठल्या झाडावर आहात आणि किती वाजता परतणार, हे घरी लिहून द्या. मचाणाचे पट्टे उन्हा-पावसात वर्षभर झाडावर राहिले तर बदला. बाहेरून बरे दिसले तरी घडीतले धागे मऊ पडलेले असतात.

वरून अंतर मोजताना तिरपी रेषा आणि जमिनीवरचं अंतर वेगळं असतं. वीस फुटांवर बसून तिरपे २० यार्ड आले तर जमिनीवरचं अंतर सुमारे १९ असतं. हरीण अगदी जवळ, तिरपे १० यार्ड असेल तर जमिनीवर फक्त साडेसात. नेम जमिनीवरच्या अंतराचा धरायचा. आणि हात खाली करून नेम धरू नका, कमरेतून वाका. नाहीतर ओढीची लांबी बदलते आणि बाण वर जातो.

बाण कधी सोडायचा

दोनच कोन घ्या. पूर्ण आडवं उभं हरीण, किंवा तुमच्यापासून थोडं दूर तोंड करून तिरपं. आडव्या हरणावर पुढच्या पायाच्या मागची रेषा धरा आणि पोटापासून वर एक तृतीयांश. दूर तिरप्या हरणावर पलीकडच्या पुढच्या पायाकडे बाण निघेल असा विचार करून अलीकडची जागा निवडा. समोरून येणारं, तुमच्याकडे तिरपं, मागून दिसणारं, मान वर करून टक लावलेलं हरीण, यांतल्या कशावरही बाण नाही. समोरच्या कोनात खांद्याचं हाड आणि आतडी, दोन्ही वाटेत येतात.

टक लावलेल्या हरणाबद्दल थोडा हिशेब करून पाहा. बाण सेकंदाला सुमारे २७० फूट जातो आणि आवाज ११०० फुटांहून जास्त. तीस यार्डांवर दोरीचा आवाज हरणाला बाणाच्या पाव सेकंद आधी पोचतो. बुजलेलं हरीण उडी घ्यायला आधी पाय दुमडून खाली बसतं. पाव सेकंदात नुसती सोडलेली वस्तूही फूटभर खाली येते. हरणाची दचकायची उसंत वजा केली तरी बाण काही इंच वर लागतो, पाठीच्या कण्याकडे. वीस यार्डांवर हाच वेळ सेकंदाचा सहावा भाग उरतो. टप्पा वीसचा का ठेवायचा, ते इथे कळतं.

हरणाचं डोकं झाडाआड गेलं की ओढा. पूर्ण ओढून ते उघड्यावर येईपर्यंत थांबा. मध्ये काडीएवढी फांदी असेल तरी सोडू नका, बाण तिला लागून फिरतो. मागे दुसरं हरीण नाही ना, हेही पाहा.

बाण सुटल्यानंतर

जागेवरच राहा. हरीण शेवटचं कुठे दिसलं ते झाड मनात पक्कं करा, फोनवर दिशा टिपा, घड्याळ पाहा. मागचे पाय झटकून सुसाट पळालं तर छातीत लागल्याची शक्यता मोठी. पाठ कमानीसारखी वाकवून हळू चालत गेलं तर बाण पोटात आहे.

मग बाण शोधा आणि हातात घेऊन नीट बघा. गुलाबी, बुडबुड्यांचं रक्त म्हणजे फुप्फुस : अर्धा तास थांबा. गडद, जवळजवळ काळपट लाल म्हणजे यकृत : चार ते सहा तास. बाणावर हिरवट चिकटा आणि आंबूस वास म्हणजे आतडी : आठ ते बारा तास. घाईने मागे गेलात तर जखमी हरीण पहिल्या शंभर-दोनशे यार्डांवर बसलेलं असतं ते उठतं आणि मग मैलभर सापडत नाही. सप्टेंबरच्या उकाड्यात थांबल्याने मांस खराब होण्याची भीती खरी आहे, पण उठवलेलं हरीण गमावणं त्याहून वाईट.

माग काढताना रक्तावर पाय देऊ नका, बाजूने चाला. दर थेंबाला टॉयलेट पेपरचा तुकडा लावा. माग तुटला तर मागे वळून त्या तुकड्यांची रेघ पाहा, दिशा कळते. एक जण शेवटच्या थेंबाशी उभा, दुसरा पुढे. चार जणांनी पांगून शोधलं की खुणा तुडवल्या जातात. हद्दीशी पोचलात तर धनुष्य ठेवा आणि त्या मालकाला फोन करा. परवानगीशिवाय तार ओलांडणं ही घुसखोरीच, हरीण समोर दिसत असलं तरी.

हरणाजवळ मागच्या बाजूने जा. डोळ्याला लांब काडीने हलकेच स्पर्श करा. पापणी हलली नाही तरच पुढे.

टॅग, सोलणं आणि थंडावा

सुरीआधी पेन. ट्रान्सपोर्टेशन टॅग (हरीण नेण्याची चिठ्ठी) लगेच भरून हरणाला लावा, मगच जागेवरून हलवा. त्याच दिवशी, डायजेस्टमध्ये दिलेल्या वेळेच्या आत, ऑनलाइन किंवा फोनवर नोंद करून कन्फर्मेशन नंबर टॅगवर लिहा.

हातमोजे घाला. तीन-चार इंचांचं पातं पुरतं. हरीण पाठीवर ठेवा, गुदद्वाराभोवती गोल काप घेऊन नळी मोकळी करा आणि दोरीने बांधा. मग बरगड्या संपतात तिथे चामडी उचलून छोटी चीर द्या, दोन बोटं आत घालून त्यांच्यामध्ये सुरीची धार वर करून मागे न्या, म्हणजे टोक जठराला लागत नाही. मूत्राशयाशी हळू. छाती आणि पोटामधला पडदा कापा, हात आत घालून श्वासनलिका वरून कापा आणि सगळं एका ओढीत बाहेर घ्या. हरीण पोटावर उलटून रक्त निथळू द्या. जठर फाटलंच तर डाग लागलेलं मांस कापून टाका, नुसतं धुऊन ठेवू नका.

सप्टेंबरच्या संध्याकाळी हवा वीस अंशांवर असते. पोटात बर्फाच्या दोन पिशव्या भरा आणि मांस शक्य तितक्या लवकर ४ अंश सेल्सियसच्या खाली आणा. आतडी घरांजवळ किंवा पायवाटेवर सोडू नका.

परतल्यावर अंग तपासा : काखा, जांघा, गुडघ्याची मागची बाजू, केसांची मुळं. काळ्या पायांची बारीक गोचीड लाइम रोग पसरवते. लोन स्टार गोचिडीच्या चाव्यामुळे तर लाल मांसाचीच अॅलर्जी होऊ शकते. कपड्यांवर ०.५ टक्का परमेथ्रिन मारून वाळवा, कातडीवर नाही, आणि ओलं असेपर्यंत मांजराला दूर ठेवा.

मांस

हरणाची चरबी मेणासारखी घट्ट असते आणि टाळूला चिकटते, म्हणून मटणासारखी ठेवू नका, सगळी काढा. वरचा चंदेरी पापुद्राही सोला. पाठीच्या कण्यालगतची लांब पट्टी तव्यावर दोन-तीन मिनिटं, आतून गुलाबी राहील एवढीच. जास्त शिजली की चामडं. मान, फरा, नळी मात्र रश्शासाठीच आहेत. या मांसात स्वतःचं तेल नाही, त्यामुळे फोडणीत एरवीपेक्षा थोडं जास्त घाला आणि मटणाला लागतात त्याहून दोन-तीन शिट्ट्या जास्त द्या. खिमा ७१ अंश सेल्सियसपर्यंत शिजवा.

रानातल्या हरणाचं मांस विकणं बेकायदा आहे, शेजाऱ्याला पैसे घेऊन दिलं तरी. जास्त झालं तर 'हंटर्स हेल्पिंग द हंग्री'त सामील असलेल्या खाटकाकडे हरीण देता येतं, तिथून ते अन्नपेढ्यांना जातं. खाटकाकडे नेताना टॅगवर कन्फर्मेशन नंबर लिहिलेला आहे का, हे गाडी सुरू करायच्या आधी पाहा.